आत्याने न गाळलेली ओळ

माझी आत्या शिवणकाम करायची. शेजारच्या मशीनवर तिची मुसलमान मैत्रीण बसायची. एकीच्या प्रार्थनेच्या वेळी दुसरी गिऱ्हाईक सांभाळायची.

आमच्या चर्चचे पाळक ख्रिस्ती आणि इस्लाम, दोन्ही धर्म पाळू लागले. रविवारी सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारातून 'येशू देवाचा पुत्र' गाळा, मुसलमान शेजाऱ्यांना बरं वाटेल, म्हणाले.

आत्याने शेजारणीलाच विचारलं.

"अगं बाई, तुझ्यासाठी मी नमाजातला शब्द गाळला का कधी? तुझं तू नीट म्हण की!"

रविवारी पाळकांनी ती ओळ सोडली. आत्या एकटीच खणखणीत आवाजात म्हणाली. मग मागचे बाक म्हणाले, मग सगळं चर्च दुमदुमलं. पाळकही पहिल्यापासून, आमच्याबरोबर, पूर्ण म्हणू लागले.