मुलुंडच्या कॉपीत माझा कर्सर

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझं एक वाक्य मुलुंडच्या परिच्छेदात शिरलं. संपादकांनी ते तिच्याआधी वाचलं.

मुलुंड म्हणजे माझी सहकारी. आमच्या डेस्कवर माणसाला तो राहतो त्या ठिकाणाच्या नावाने हाक मारत. एक घाटकोपर होता, एक बोरिवली होते, ती मुलुंड आणि मी जोगेश्वरी. आम्ही दोघी वर्तमानपत्रात एकाच वेळी लागलो. प्रशिक्षण एकत्र घेतलं, पहिली रात्रपाळी एकत्र केली, डबा एकत्र खाल्ला. पुढे तिला बढती आधी मिळाली. नंतर मलाही मिळाली, पण नंतर.

दिवाळीच्या पुरवणीचा विषय होता उपनगरांतली जुनी कामं. ती आम्ही दोघींनी मिळून करायची होती. दिवाळीनंतर रविवारची पुरवणी दोघींपैकी एकीकडे कायमची द्यायची, आणि कोणाकडे ते या अंकावरून ठरवायचं, असं संपादकांनी बैठकीत सांगितलं होतं. ती पुरवणी मला हवी होती. तिलाही हवी असणार. ती तसं कधी बोलली नाही, आणि न बोलता तिला गोष्टी मिळतात हे मला ठाऊक होतं.

विषयांची वाटणी त्याच बैठकीत झाली. आरे कॉलनीतले तबेले तिने मागितले. मी वही उघडत होते तोवर ते तिचे झाले होते. आरे माझ्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथली बस कुठल्या वळणावर झाडीत शिरते हे मला झोपेत सांगता आलं असतं. मला वर्सोव्याचा कोळीवाडा मिळाला. कोळीवाडा चांगला विषय आहे. पण तबेले माझे होते.

आम्ही दोघी आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायचो. मजकूर एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहायचा, म्हणजे संपादकांना हवं तेव्हा डोकावता येईल. अशा फाइलमध्ये प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा दिसतो. तिचा हिरवा होता, माझा गुलाबी. तिचा विभाग वर, माझा खाली.

त्या दिवसांत माझ्या कामाचा एक भाग तिचा कर्सर बघणं हा होता. तो एका चालीने पुढे सरकायचा. पूर्णविरामापाशी थोडा थांबायचा आणि पुढच्या वाक्याला लागायचा. मागे वळून खोडणं जवळजवळ नाही. तबेल्यातल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून माणूस पहाटे तिचा ताप कसा ओळखतो, यावरचा तिचा परिच्छेद माझ्यासमोर उतरला. तो मी लिहायला हवा होता. माझं वाक्य अर्धवट ठेवून मी तो शेवटपर्यंत लिहिला जाताना पाहिला.

माझा कर्सर त्याच सुमारास बिघडला. टचपॅडवर बोट ठेवलं की बाण थरथरायचा. टाइप करत असताना तो आपोआप काही ओळी वर उडायचा, तिथे स्वतःच क्लिक व्हायचा आणि पुढचे शब्द त्या जागी पडायचे. स्क्रीनकडे न बघता टाइप करण्याची डेस्कवरच्या सगळ्यांना सवय असते; नजर नोंदींवर असते. त्यामुळे शब्द कुठे पडले ते उशिरा कळायचं. माझ्या वर तिचा विभाग होता.

सोमवारी तिचा फोन आला.

"अगं ए जोगेश्वरी, माझ्या तबेल्यात बोंबील कुठून आले?"

"कसले बोंबील?"

"वाचते, ऐक. 'दूध काढून झालं की गोठा धुतला जायचा आणि बायका वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटे करायला जायच्या.' म्हशी बोंबील खातात का गं तुमच्याकडे?"

मी हसले. कर्सर उडतोय, असं तिला सांगितलं.

"उडतोय तर उडू दे. पण माझ्याच अंगणात येऊन बसतो?"

"तुझा विभाग वर आहे म्हणून."

"शुक्रवारी पण बसला होता. मी काही बोलले नाही. आता सरांनी वाचलंय ना यार."

डेस्कवर एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. दुसऱ्याच्या कॉपीला, म्हणजे त्याने लिहिलेल्या मजकुराला, त्याला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. चूक दिसली तर कडेला खूण करायची आणि कागद त्याच्याकडे परत द्यायचा. कागद गेले तरी नियम राहिला. न सांगता कॉपी बदलणाऱ्याशी डेस्क भांडत नाही. त्याच्यासमोर फाइल उघडी ठेवणं बंद करतं.

संपादकांनी दोघींना बोलावलं. त्यांनी बोंबलांचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. घाटकोपर बाहेरून हसला.

"कर्सर वगैरे मला सांगू नका," ते मला म्हणाले. "दुसऱ्याच्या कॉपीत हात गेला, एवढं मला दिसतंय. लॅपटॉप दाखवून घ्या."

मुलुंडने माझी बाजू घेतली. "सर, ती मुद्दाम नाही करणार." हे तिने इतक्या समजुतीने म्हटलं की मुद्दाम हा शब्द खोलीत तोपर्यंत कोणी उच्चारलेला नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

ऑफिसमधल्या संगणकांची देखभाल करणाऱ्याला सगळे सिस्टिमवाला म्हणतात. त्याने लॅपटॉप उघडून प्रकाशात तिरका धरला.

"पूजा केली होतीत का?"

केली होती. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. पाटावर विळी, बाबांचा गिरणीतला पाना, माझा लॅपटॉप आणि शेजारणीची शिलाई मशीन तिच्याकडे जागा नसते म्हणून. जिथे हात चालतो तिथे गंध लावायचं, असं आईचं म्हणणं. विळीला पात्याच्या मुळाशी लागतं, मशीनला चाकाला. लॅपटॉपवर तिने माझा हात कुठे चालतो ते आठवून टचपॅडच्या मधोमध गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि अक्षता टाकल्या.

"दसरा झाला की लॅपटॉप माझ्याकडे देवळातून आल्यासारखे येतात," सिस्टिमवाला म्हणाला. त्याने स्पिरिटने कुंकू पुसलं आणि टचपॅडच्या कडेच्या फटीतून टाचणीने अक्षतेचा एक दाणा काढला. "घ्या. लग्न लागलं. आता पळणार नाही."

ऑफिसात तो दिवसभर नीट चालला. दुसऱ्या दिवशी घरी, दुसऱ्याच परिच्छेदाला, उडाला.

मग जे करतात ते सगळं केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. टचपॅडचा वेग कमी केला. सिस्टिमवाल्याने टचपॅडचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. ऑफिसात चालायचा, घरी उडायचा. मी घरून व्हिडिओ काढून दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि बोटं ओली असतात का, असं विचारलं.

दरम्यान माझी दोन वाक्यं तबेल्यात गेली. दोन्ही मी ताबडतोब काढली. काढताना माझा गुलाबी कर्सर तिच्या परिच्छेदात उभा असलेला सगळ्यांना दिसत होता.

शेवटी सिस्टिमवाल्यानेच सुचवलं, की दोघींचे लॅपटॉप एकाच खरेदीतले आहेत, एकाच बनावटीचे. आठवडाभर अदलाबदल करा. मुलुंड लगेच तयार झाली. तिच्या लॅपटॉपच्या कळांवर अजून वापराची चकाकी आली नव्हती. माझ्या कळा घासून गुळगुळीत झालेल्या. एकाच महिन्यात मिळालेल्या दोन वस्तू, दोघींचं काम सारखं, आणि तिची नवी राहिलेली.

तिचा लॅपटॉप माझ्या घरी पहिल्याच दिवशी उडाला. माझा लॅपटॉप तिच्या घरी आठवडाभर एकदाही उडाला नाही.

"तुझा तर झकास चालतोय," तिने फोनवर सांगितलं. "माझ्यापेक्षा पण स्मूथ वाटतोय."

"बघितलंस ना नीट?"

"अगं त्याच्यावरच पूर्ण तबेला संपवला." मग म्हणाली, "बघ हं, रागावू नकोस. लॅपटॉप इकडे आला की चालतो. माझा तिकडे गेला की बिघडतो. मग राहिलं कोण?"

तिच्या म्हणण्यात तर्काची चूक नव्हती. बातमीत अशी दोन विधानं एकापुढे एक आली असती तर मीही तोच मथळा दिला असता. त्या आठवड्यात मी मुलुंडचं घर पुष्कळ वेळा डोळ्यांसमोर आणलं. वास्तुशांतीला गेले होते. तिची कामाची खोली वेगळी, तिला दार आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. माझं टेबल म्हणजे भिंतीला टेकवलेली फळी, आणि जेवणाच्या वेळी तिच्यावरून लॅपटॉप उचलावा लागतो. माझा लॅपटॉप तिथे त्या डोंगरासमोर शहाण्यासारखा बसला असेल. त्याचाही मला राग आला.

त्या शनिवारी आईने ताट ठेवायला फळीवरचा लॅपटॉप उचलला आणि हात झटकला.

"ह्येका हात लावलंय तर मुंगये येतत गो."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. फ्रिजाक पण येतत. आपल्या खोलयेत सगळ्याकच येतत."

"मग बोलली नाहीस ती?"

"त्यात काय बोलायचा? वीज म्हटली की येवच्याच."

मी पालथा हात लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर ठेवला. बारीक झिणझिण्या आल्या. चार्जरची पिन काढली. झिणझिण्या थांबल्या. मी चार्जरशिवाय, बॅटरीवर टाइप करायला बसले. बाण जिथे ठेवला तिथे राहिला. चार्जर लावला, थरथरला आणि उडाला. काढला, थांबला. आईला शेजारी बसवून हे तिच्यासमोर पुन्हा केलं, कारण साक्षीदार हवा होता.

कारण दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडून नक्की केलं. आमची खोली जुन्या चाळीतली. वायरिंग झालं तेव्हा दोन दिवे आणि एक पंखा एवढीच गरज होती. बोर्डावर तीन भोकांची सॉकेट नंतर बसवली, पण तिसऱ्या, जाड पिनेच्या भोकाला मागे तारच जोडलेली नव्हती. ती तार अर्थिंगची, म्हणजे यंत्राच्या अंगावर आलेली चुकार वीज जमिनीत सोडणारी. ती नसली तरी दिवा लागतो, फ्रिज चालतो, म्हणून कोणाचं अडत नाही. चाळीतल्या बहुतेक खोल्यांत तशीच सॉकेट आहेत. टचपॅडला मात्र बोट आणि ती चुकार वीज यांतला फरक कळत नाही. ऑफिसात अर्थिंग आहे. मुलुंडच्या इमारतीत आहे. तिच्या घरात कशाकशाचा हेवा करायचा याचा मी पुरेसा विचार केला होता. भिंतीतल्या तारेचा केला नव्हता.

मी आधी तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू नव्हतीस."

"नव्हते."

"मी कुठे म्हटलं तू होतीस? मी विचारलं होतं, राहिलं कोण."

"राहिली खोली."

"बरं झालं बाई सापडलं," ती म्हणाली. आवाजात काही खोट नव्हती. मी शोधली.

सोमवारी संपादकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे लॅपटॉपमध्ये दोष नाही."

"नाही."

"घरच्या वायरिंगमध्ये आहे."

"हो."

"मग ते आपलं आपण बघा. पानं कधी देताय?"

पानं मी वेळेत दिली, बॅटरीवर लिहून, मधे मधे चार्ज करायला थांबून. वायरमन पुन्हा आला, त्याने चाळीच्या मीटरपासून हिरवी तार आत घेतली आणि सॉकेटला जोडली. आईने फ्रिजला हात लावून बघितलं आणि काहीच येत नाही, असं जरा अविश्वासाने सांगितलं. तेव्हापासून कर्सर उडालेला नाही.

दिवाळीचा अंक निघाला. तबेल्यांचा लेख पहिल्या पानावर होता, कोळीवाडा आतल्या पानांत. वाचकांची पत्रं दोन्हींना आली. डेस्कवर बोरिवली मला म्हणाले, "बोंबील झाले हो छान," आणि मुलुंडला म्हणाले, "म्हशीचा ताप अप्रतिम." दोन्ही वाक्यं मी ऐकली, त्यांची लांबी सारखीच होती.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं त्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला. रविवारची पुरवणी मुलुंडकडे. मी तिच्या जागेपाशी जाऊन अभिनंदन केलं. तिने उठून माझे दोन्ही हात धरले आणि कोळीवाड्यासारखे लेख माझ्याकडून दर महिन्याला हवेत, असं सांगितलं.

दुपारी तिने पुरवणीची नवी फाइल सगळ्यांना पाठवली. घाटकोपरला आणि बोरिवलींना तीत लिहिता येत होतं. माझ्याकडे ती उघडली तेव्हा वर 'फक्त वाचण्यासाठी' असं आलं. मी तिला विचारलं.

"असं का येतंय गं?"

"अगं, काही नाही. तू तुझी कॉपी मला मेल कर ना, मी आत टाकेन. सोपं पडेल दोघींना."

"घरी अर्थिंग झालंय."

"हो ना, सांगितलंस तू. बघू मग नंतर."

त्यानंतर पुरवणीचे तीन अंक निघाले आहेत. तिन्हीत माझे लेख आहेत आणि ते तिने फाइलमध्ये टाकले आहेत. आज सकाळी मी फाइल उघडून पाहिली. हिरवा कर्सर दुसऱ्या पानावर होता. परवानगी बदललेली नाही.