बिनबाईच्या घरची गोधडी

कासू गावात जगनला शिवता येत नाही, असं कोणी म्हटलं नसतं. खाडीकाठच्या मिठागरावर त्याने उभी हयात गोणींची तोंडं शिवण्यात घालवली. हातात दाभण, दाभणात सुतळी, गोणीला गुडघा लावायचा आणि कचकन ओढायचं. आपण शिवलेल्या गोणीतून चिमूटभर मीठ कधी सांडलं नाही, असं तो सांगायचा. तोच सांगायचा, कारण मिठागर बंद पडल्यावर दुसरं सांगायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून साल चौऱ्याण्णवच्या माघात तो शेजारच्या बायजाबाईच्या ओट्यावर गेला आणि "काकी, मला बाळाची गोधडी शिकव," म्हणाला, तेव्हा हे अर्ध्या दुपारचं काम आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

बायजाबाईने तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं. "कुनाच्या बाळाची रं?"

"दिपिकाच्या."

दिपिका त्याची एकुलती एक पोर, रोह्याला लागून असलेल्या वरसेला दिलेली. जावई कंपनीत शिफ्टला जाणारा, घर बरं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून जगन तिला आणायला गेला होता. विहीणबाईंनी पाट दिला, चहा दिला, आणि मग म्हणाल्या, "राग मानू नका, पन तुमच्या घरात बाई कोन हाय? पोरीला शेक कोन देनार, बाळाला न्हाऊ कोन घालनार? ती हितंच राहील."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याची बायको सीता जाऊन दोन पावसाळे झाले होते. जगनने बोलणं चहाबरोबर गिळलं. पण विहीणबाई पुढे म्हणाल्या, "आनि गोधडीबिधडीच्या खटपटीत पडू नका. ती आमी बाजारातनं घेऊ." हा घास मात्र उतरेना.

"गोधडी माहेरची असते," तो म्हणाला.

"व्हय, पन शिवनार कोन?"

"ते मी बघतो. बारशाला आनतो."

म्हणजे माहेर म्हणून त्याच्या घराकडे आता एवढी एक गोष्ट उरली होती, आणि ती नीट आली नाही तर दिपिकाला कासूला पाठवा म्हणायला तोंडच राहणार नव्हतं.

"कापड आन," बायजाबाई म्हणाली. "सीताची जुनी लुगडी आन. वापरून वापरून मऊ झालेली."

जगनला खरं सांगावं लागलं. जुनी लुगडी त्याने सीताच्या वर्षश्राद्धानंतर बोहारणीला देऊन टाकली होती. बदल्यात स्टीलचं पातेलं आलं, दहा माणसांचा भात शिजेल एवढं. त्यात रोज एका माणसाचा भात तळाशी चिकटून बसायचा. ट्रंकेत फक्त एक कडक नायलॉनची साडी उरली होती, चांगली म्हणून ठेवलेली.

"ती पोराला टोचंल," बायजाबाई म्हणाली. "शहाना हायस. मऊ तेवढं दिलंस नि टोचरं ठेवलंस. बायकांकडं मागशील का जुनं लुगडं?"

"काकी, गावात राहायचंय मला."

बायजाबाई पहिल्यांदा हसली. "मग तुझी धोतरं आन. आजी नाय तर आजोबा."

धोतरं निघाली, धुऊन वाळली, थरावर थर अंथरले गेले. मधल्या थरासाठी अजून काहीतरी हवं होतं, म्हणून जगनने चुलीजवळचं भांडी उतरवायचं फडकं आणलं. हिरवं, एका बाजूने जळलेलं. सीताच्या लुगड्याचं एवढंच घरात राहिलं होतं. बायजाबाईने ते उलटसुलट केलं, जळका भाग फाडून टाकला आणि म्हणाली, "आत घाल. दिसनार नाय, पन असंल."

मग खरं शिक्षण सुरू झालं. जगनने कडेचा पहिला दोरा घातला आणि सवयीने गुडघा लावून ओढला. गोधडीची कड गोळा होऊन तोंड आवळल्यासारखी झाली.

"पोर झोपवायचाय का मीठ भरायचाय?" बायजाबाईने विचारलं. "उसव."

उसवलं. पुन्हा घातलं, पुन्हा ओढलं. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. "दोरा ढिला सोड रं. टाका घेतलास की तळव्यानं कापड सारखं कर. ओढू नको, बसू दे त्याला." हे ती रोज सांगायची, आणि जगन रोज मान हलवून ओढायचा. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय जगनशेट, नथ कधी घालताव?" त्यावर तो "तुझी मागून घेईन," म्हणायचा, पण मान वर करत नसे.

संध्याकाळी गोधडी काखेत मारून घरी यायचा. घरात बोलायला कोणी नव्हतं म्हणून तो रेडिओशी हुज्जत घालायचा. रेडिओ त्याचं ऐकत नसे. सीताही ऐकत नसे, त्यामुळे ते त्याला फारसं लागत नव्हतं. लागायचं ते रेडिओ बंद केल्यावर.

होळीच्या आधी कधीतरी, बायजाबाई डुलकी घेत असताना, एक अख्खी ओळ कड न आवळता सरळ गेली. जगनने तिला उठवलं नाही. दुसरी ओळ घालून पाहिली. तीही बसली.

बारशाला तो पॅसेंजरने रोह्याला उतरून चालत वरसेला गेला. बायका पाळण्याभोवती होत्या. विहीणबाईंनी गोधडी उलगडली, तळवा फिरवला. एका कोपऱ्यात टाके आखडले होते, तिथे हात थांबला. "शिवली कोनी?"

"मी," जगन म्हणाला. कोणीतरी तोंडाला पदर लावला.

विहीणबाईंनी बाजारची दुलई काढली आणि ही पाळण्यात घातली. "मऊ हाय," म्हणाल्या. दिपिकाने मुलीला त्यावर निजवलं. ती दोनदा तोंड वाकडं करून झोपली.

"बाबा, सव्वा महिना झाला की मी येते कासूला," दिपिका म्हणाली, आणि सासूकडे पाहिलं.

"बघू," विहीणबाई म्हणाल्या.

मिठागर बंद पडेपर्यंत मालकही बघूच म्हणायचा. पण विहीणबाई बोलताना पाळण्यातल्या गोधडीची कड सारखी करत होत्या, ते जगनने पाहिलं. जेवण झाल्यावर तो निघाला. वाटेत निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. डब्यात समोरचं बाक रिकामं होतं, तरी तो अंग चोरून बसला.

बायजाबाई ओट्यावरच होती. "काय म्हनाली विहीण?"

"घातली पाळन्यात."

"आनि पोरीला धाडनार का?"

"बघू म्हनाली."

जगन पायरीवर टेकला.

"नात आली आनि गोधडी ओली केली, तर दुसऱ्या कशावर निजवशील?" तिने विचारलं.

"आली तर ना, काकी."

"आल्यावर शिवायला बसशील का मग?" बायजाबाई म्हणाली, आणि सरकून त्याला सावलीत जागा करून दिली.