मोकळा सायलेन्सर

केरबा मिस्तरीच्या हातात जादू आहे, असं लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत बोललं जाई. जादूबिदू काही नव्हती. बाकीचे मिस्तरी पाना घेऊन गाडीवर तुटून पडत, तेव्हा हा टाकीवर तळहात ठेवून, मान वाकडी करून इंजिन ऐकत उभा राही, आणि मग एखादाच स्क्रू फिरवी. एवढीच त्याची करामत. हा कान त्याला किल्लारीनं दिला होता, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

भूकंपात घर बसलं तेव्हा केरबा अंगणात झोपला होता म्हणून वाचला. वडील गेले. ढिगाऱ्याभोवती सगळा गाव आक्रोश करत होता आणि हा मिसरूड फुटलेला पोरगा लोकांना गप बसा म्हणत मातीला कान लावून पालथा पडला होता. आईची हाक त्याला तिथून ऐकू आली. नखं तुटेस्तोवर उकरून त्यानं पंचफुलाबाईला बाहेर काढलं.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना त्यानंच तिला पेल्यांची उतरंड रचायला शिकवलं. फळीच्या अगदी कडेला स्टीलचे पेले पालथे, एकावर एक. पेले पडले की मागं वळून बघायचं नाही, बाहेर पळायचं. तेव्हा बारीकसारीक धक्के सुरूच होते, त्यामुळं घरोघरी हीच रीत होती. नव्या गावात पक्की घरं मिळाली, बाकीच्यांच्या फळीवरून उतरंडी उतरल्या, पंचफुलाबाईची काही उतरली नाही. वर्षानुवर्षं ती ओसरीतच झोपायची. ह्या उन्हाळ्यात मात्र तिनं आपणहून बाज आत घेतली आणि लातूरला तुझ्या स्लॅबच्या खोलीत येऊन राहीन म्हणाली. केरबाला आभाळ ठेंगणं झालं.

इकडं लातुरात शिकवण्यांचा पूर आला होता. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला यायची आणि त्यांच्यातली ऐपतवाली आधी गाडीचा सायलेन्सर बदलून घ्यायची. पोरांचं जाऊ द्या, त्यांना शिकवणारे आलोक सरही एक दिवस बुलेट घेऊन आले. मोकळा सायलेन्सर बसवून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, की आता इंजिनाचं सेटिंग करावं लागेल का?

करावं लागतं, हे केरबाला पाठ होतं. नुसता दिसायला वेगळा पण आतून पहिल्यासारखाच सायलेन्सर असेल तर प्रश्न नसतो. पण आतून मोकळा बसवला की धूर झटकन बाहेर पडतो, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात सोडला की मागून फटाके वाजतात. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा टाकायचा, हवेचा स्क्रू जुळवायचा, गाडी पळवून प्लगचा रंग बघायचा, जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. शिकवण्या सुरू होण्याच्या हंगामात दारात गाड्यांची रांग लागलेली असताना एवढा वेळ कुणाला? आणि पोरांना तर फटाकेच हवे असत. न लागणारं सेटिंग लागतं म्हणून सांगणारे लबाड पुष्कळ. केरबाची लबाडी उलटी होती.

“काय न्हाई लागत, सर,” तो म्हणाला. “निस्ता आवाज बदलतो.”

वर एक चक्कर मारून बघतो म्हणून त्यानं गाडी मागून घेतली, आणि ती चक्कर थेट किल्लारीत नेली. आईला न्यायचा दिवस ठरवायचा होता, हे खरं. दुसऱ्याच्या बुलेटवर मिरवायची हौस होती, हेही खरंच. भर दुपारची वेळ, बाप्ये शेतात, गल्ली सामसूम. आईला कळावं लेक आलाय, म्हणून त्यानं दाराशीच गाडी उभी करून अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि सोडला.

मागून फटाफट बार उडाले. भिंती घुमल्या, आणि दारातून पंचफुलाबाई पिठाच्या हातानं, अनवाणी, डोक्यावरचा पदर पडलेला, अशी बाहेर आली. तोंड उघडं होतं. गाडीजवळून ती तशीच शाळेच्या मैदानाकडं पळत गेली. केरबाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच होतं. त्यानं गाडी बंद केली तेव्हा घरात एक पेला लोळत असल्याचा आवाज आला.

शेजारची सरजाबाई नातवाला काखेत मारून परसातून धावत आली. धापा टाकत तिनं विचारलं, “धक्का व्हता का रं, केरबा?”

माझी गाडी होती, एवढे तीन शब्द. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“हाव. बारीक व्हता वाटतं.”

त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीनं अंथरुणं बाहेर काढली. पंचफुलाबाईनं बाज ओढत ओसरीत आणली. लातूरचा विषय काढायचं केरबाचं धाडस झालं नाही. मैदानात लेकरं कडेवर घेऊन बसलेल्या बायांसमोरून त्यानं गाडी ढकलत नेली. बायांना वाटलं, बंद पडली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लातुरात त्यानं प्लग काढला, तर चुन्यासारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमीच पडत होतं. जेट बदलला, स्क्रू जुळवला, फटाके थांबले. आवाज मात्र राहिलाच. तो सेटिंगनं जात नाही. मग त्यानं सरांना मान खाली घालून खरं सांगितलं. सर म्हणाले, मी विचारलं होतं की तुम्हाला. जुना सायलेन्सर परत चढवून तो एसटीनं किल्लारीला गेला.

पंचफुलाबाई ओसरीत बाजेवर बसून लसूण सोलत होती.

“माय, त्या दिशी धक्का नव्हता. माझी गाडी व्हती.”

“म्हाईत हाय. धुराचा वास आला व्हता.”

“मंग सरजाबाईला का न्हाई सांगितलंस?”

“लेकाला चारचौघांत खोटं कसं पाडू?”

केरबाला तिच्याकडं बघवेना. आता त्या सायलेन्सरांना हात लावणार नाही, सरजाबाईलाही आत्ताच जाऊन सांगतो, असं कायबाय बोलत त्यानं बाजेची कड धरली. चल, ही आत घेऊ, म्हणाला. ती उठली नाही. सोललेला लसूण वाटीत टाकून ती म्हणाली,

“मला धक्क्याचं भ्या न्हाई वाटत रं, केरू. पळताना मी तुझंच नाव घेऊन वरडले. तू हातभर लांब व्हतास, अन् तुला ऐकू गेलं न्हाई. तवा मातीखालनं मारलेली हाक तुला आली व्हती.”