मोठ्यानं बोलायला शिकलेली चालकबाई

डेपोत तिला सगळे पुटपुटी म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतक्या अंतरावरून नक्की. आणि नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. बाई बोलायची ते समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी, आणि तेही बटणाला ऐकू येईल न येईल अशा बेतानं. चहावाला तिला रोज विचारायचा, "बिनसाखरेचा म्हणालात की साखरेचा?" आणि ती मान हलवायची. कशाला हलवली, ते त्यालाही कळायचं नाही. मग तो अर्धी साखर घालून मोकळा व्हायचा.

बारा वर्षं तिनं मालगाडी चालवली. मालगाडी तिला मानवायची. मागं साठ वाघिणी दगडी कोळसा, पुढं रूळ, आणि कुणाशी बोलायची सक्ती नाही. मग नवी वेगवान लाइन आली आणि जुन्या लाइनीवरच्या निवडक चालकांना तिकडं शिकायला बोलावलं. सरावाच्या पहिल्याच दिवशी तिला नव्या गाडीच्या केबिनमध्ये नुसतं बसवलं होतं. ताशी तीनशेचा वेग आला, तेव्हा समोरच्या फळीवर ठेवलेल्या कपातलं पाणी हललंसुद्धा नाही. त्या दिवशी बाई घरी आली ती दोन वेळचं एकदम जेवली, आणि रात्रभर नवऱ्याला झोपू दिलं नाही. म्हणजे काही बोलली नाही हं, नुसती कुशीवर कुशी बदलत राहिली. तिला ती गाडी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी इतकं हवं होतं.

आणि तिथंच पाचर बसली. वेगवान लाइनीवर रुळांकाठी सिग्नल नसतात. इतक्या वेगात ते दिसणार कुणाला? सगळे हुकूम केबिनमधल्या पडद्यावर उमटतात. चालकानं दर वेळी त्या पडद्याकडं हात सरळ करून बोट दाखवायचं आणि जे दिसतंय ते खणखणीत बोलायचं. "दारं बंद! वेग शून्य! वेळ बरोबर!" हाताला, डोळ्याला आणि तोंडाला एकाच कामाला जुंपलं की मन भरकटत नाही, असा त्यामागचा हिशेब. बोललेलं सगळं एका पेटीत टिपलं जातं.

बाईच्या पेटीत काय टिपलं गेलं? पंख्याचा आवाज.

दोन परीक्षा अशाच गेल्या. परीक्षकाला डेपोत लालपेन म्हणत. माणूस कमी बोलायचा आणि फुल्या फार मारायचा. दोन्ही वेळा त्यानं लिहिलं होतं, "हात उत्तम. आवाज नाही." तिसऱ्यांदा नापास झालेल्याला परत मालगाडीवर जावं लागे, कायमचं.

हे घरी कळलं तेव्हा सासूनं कंबर कसली. ही सासू म्हणजे साधी नव्हे. तीस वर्षं मंडईत भाजी विकलेली. ती भाव सांगायला लागली की समोरच्या रांगेतले कांदेवाले आपला भाव सांगायचं थांबवत.

"सूनबाई, उभी राहा. दाखव बोट. काय दिसतंय?"

"गॅस बंद," सून पुटपुटली.

"कुणाला सांगतेस, गॅसला? त्याला माहितीये. पोटातून काढ आवाज! संध्याकाळ झालीय, टोमॅटो मऊ पडायला आलेत, आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून चाललंय. हां, बोल!"

"गॅस बंद!"

"माझ्याकडे ये बाई, मी घेतो टोमॅटो," पलीकडच्या खोलीतून नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांकडून खालची ओळ वाचून घेणारा माणूस. त्याला या सगळ्याची भारी गंमत वाटत होती.

पंधरा दिवस घरात हेच चाललं. कुलूप लावलं! नळ बंद! दिवा चालू! भिंतीला कान लावून बसणाऱ्या शेजारणीला त्या दिवसांत आपल्या खुर्चीत आरामात बसून सगळं ऐकू येई. फक्त एक झालं. आवाज एकदा सुटला, तो काय काय बोलावं हे विचारायला थांबेना.

"आईंची गोळी... घेतली नाही! कुंडीत टाकली!"

सासू दचकली. "अगं, मी रेल्वेसाठी तुझा आवाज काढला, माझ्यासाठी नाही!"

"यांचा शर्ट, कालचाच!"

"आई," नवरा म्हणाला, "हिला परत आधीसारखी करता येईल का?"

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळची रिकामी गाडी, केबिनमध्ये बाई आणि तिच्या मागं लालपेन, मांडीवर कागद लावलेली फळी. "दारं बंद," ती म्हणाली, ते बरं निघालं. "वेग शून्य!" त्याहून बरं. पहिला बोगदा गेला, दुसरा गेला. दोनशे ऐंशीवर तर ती अशी बोलत होती की लालपेननं खुर्ची एक वीत मागं सरकवली.

आणि मग पडद्यावर हुकूम उमटला: पुढच्या पुलावर जोराचा वारा, वेग एकशे साठच्या आत आणा. चालकानं ऐकलं नाही तर यंत्र शेवटी आपणहून ब्रेक लावतंच. पण यंत्रानं लावला की चालक नापास.

तिनं बोट उचललं, तेवढ्यात लालपेन मागून शांतपणे म्हणाला, "राहू द्या बाई. वारा पडलाय, मला आत्ताच कळलं. आहे तोच वेग ठेवा. उशीर नको."

आता बघा. चाळीस वर्षांत या बाईनं कुठल्या साहेबाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. शाळेतल्या बाईंना नाही, लग्न जुळवणाऱ्या मामाला नाही, चहावाल्यालासुद्धा नाही. ती दोन सेकंद गप्प झाली. त्या वेगात दोन सेकंद म्हणजे दीडशे मीटर. पूल जवळ येत होता.

मग तिचं बोट पडद्याकडं सरळ झालं. "पडद्यावर एकशे साठ!" बोट मागं वळलं, थेट लालपेनच्या नाकाकडं. "साहेब म्हणतात दोनशे ऐंशी! साहेब चूक! ब्रेक लावला!"

गाडी पुलावरून सावकाश गेली. मागून नुसता पेनचा खरखर आवाज, तोही खूप वेळ.

शेवटच्या स्टेशनात गाडी चार मिनिटं उशिरा थांबली. लालपेन तिला घेऊन डेपोच्या खोलीत गेला, पेटी लावली आणि "साहेब चूक" एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. बाहेर सूचनाफलक वाचायला अचानक बारा माणसं जमली होती. तिसऱ्यांदा लावल्यावर तो म्हणाला, "वारा पडला नव्हता. मुद्दाम बोललो होतो. मी म्हटल्यावर दहातले सात जण वेग ठेवतात." आणि कागद पुढं सरकवला. पास.

बाई बाहेर आली, पण आनंदानं तिला तोंडच उघडता येईना. फाटकाशी सासू आणि नवरा उभे होते. सून आली, पायरीवर बसली आणि नुसतीच त्यांच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी, तोंडातून चकार शब्द नाही.

सासूनं काय समजायचं ते समजून घेतलं. पदर खोचला. तेवढ्यात लालपेन घरी जायला फाटकातून बाहेर पडत होता.

"काय हो, तुम्हीच का ते? माझ्या सुनेचा आवाज येत नाही म्हणता? तिच्या आवाजानं आमची मांजर घर सोडून गेली! कान धुऊन या आधी! माझ्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे, कानाचं असतं तर फुकटात..."

"आजी," लालपेन म्हणाला, "पास केलंय त्यांना. पहिल्या नंबरानं."

सासूचं तोंड उघडंच राहिलं. पण एक श्वासभरच.

"मग अहो, उन्हात काय उभे तुम्ही असे!" ती म्हणाली, आवाज तसूभरही न उतरवता. "सावलीत या! ए, साहेबांची पिशवी घे रे!"

नवऱ्यानं पिशवी घेतली. साहेब सोडेनात, तोही सोडेना. आणि पायरीवर बसलेली पुटपुटी इतक्या मोठ्यानं हसायला लागली की सूचनाफलकासमोरची बारा माणसं फाटकापर्यंत धावत आली.