संकष्टीच्या दिवशीचं रक्त

रक्तस्राव थांबवणारी पावडर बनवण्यात माझी तीन वर्षं गेली. अपघातातल्या माणसाच्या जखमेवर टाकायची आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत रक्त थोपवून धरायचं, एवढंच तिचं काम. नेमकं तेच तिला जमत नव्हतं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम हे काम गुंडाळून मला लसीच्या गटात धाडणार होत्या. लसीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण या पावडरीवर माझा जीव जडला होता.

चाचणीला ताजं रक्त लागतं आणि दात्याने आधी नीट नाश्ता केलेला लागतो. गुरुवारी आमचे तिन्ही दाते वेळेवर हजर झाले आणि तिघांनाही संकष्टीचा उपवास. दिवस मीच ठरवला होता, कॅलेंडर न बघता.

"द्यायला हरकत नाही हो, पण खाणं चंद्रोदयानंतर," त्यातला एक म्हणाला.

मॅडम जन्मापासून नारायण पेठेतल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चंद्राला जरा लवकर यायला सांगता का?"

शेवटी मीच बाही वर केली. दात्याचा फॉर्मही मीच तयार केलेला. 'औषध घेतले आहे का?' यापुढे झोकात 'नाही' लिहिलं.

एका नळीत नुसतं रक्त, दुसरीत पावडर घातलेलं. चाचणीची वेळ संपली तरी दोन्ही पातळच. मला रडूच फुटलं.

"त्यात सकाळपासून डोकं दुखतंय. गोळी घेऊनही थांबत नाही."

"कुठली गोळी?"

"ॲस्पिरिन," मी म्हणाले आणि जीभ चावली. रक्त सहजी गोठू न देणारी गोळी! पण आमच्या घरी डोकेदुखीच्या गोळीला औषध म्हणतच नाहीत.

"अभिनंदन. टाका ओतून," मॅडम म्हणाल्या.

मी नळ्या उपड्या केल्या. साधी रिकामी झाली. पावडरीची होईना. उशिरा का होईना, गोळी असूनही रक्त तळाशी घट्ट गोठून बसलं होतं. मी ओरडलेच. मॅडमनी नळी स्वतः हलवून पाहिली.

"एका नळीने काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारची मुदत राहू द्या. आता ही गोळी घेणारेच दाते शोधा."

मी एकीकडे हसत होते, एकीकडे डोळे पुसत होते. माझे बाबा हीच गोळी रोज घेतात, हृदयासाठी, आणि रोज धायरीहून सिंहगड रस्त्याच्या गर्दीत स्कूटर घालतात.