पावलं न जुळवणारे चौघे

इथे अमेरिकेत, कॅरी गावच्या जगन्नाथला लोक भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. औषध कंपनीत तीस वर्षं काढलेला हा केमिस्ट एका ओळीसाठी अख्खा उन्हाळा भांडला.

त्याचे वडील, महादेव, दुसऱ्या महायुद्धात इटलीत ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय तुकडीत स्ट्रेचर उचलायचे. इंग्लंडमधलं एक मंडळ त्या तुकडीचा इतिहास छापणार होतं. जगन्नाथने त्यांना घरातला फोटो दिला: स्ट्रेचरवर जखमी गोरा शिपाई, उचलणारे चौघे, पुढे उजवीकडे महादेव. तपासायला पान आलं, तर फोटोखाली ओळ: 'कच्चे हमाल. पावलंही जुळत नाहीत.'

"मुद्दाम जुळवत नाहीत, गाढवांनो!" जगन्नाथ कडाडला.

बरोबरच आहे. चौघांनी एकदम तोच पाय टाकला तर स्ट्रेचर झोके खातं. म्हणून पुढच्यांनी डावा टाकला की मागच्यांनी उजवा टाकायचा. वडिलांनी त्याला हे घरातली खाट उचलून शिकवलं होतं.

मंडळाने पुरावा मागितला. जगन्नाथने गराजमधली शिडी काढली, वर गादी बांधली आणि पीएचडी करणाऱ्या अथर्वला तीन मित्रांसकट बोलावलं. झोपायला कोणी तयार होईना. मी झोपले.

"काकू, रिस्क आहे यार!"

"सत्त्याहत्तराव्या वर्षी कसली रिस्क? उचल."

पोटावर पाण्याचा पेला ठेवला. पहिल्या फेरीत पावलं जुळवली, तर ब्लाउज भिजला. दुसरीत पावलं जुळू दिली नाहीत, थेंब सांडला नाही. व्हिडिओ इंग्लंडला पाठवला.

उत्तर आलं. नवी ओळ: 'हमालांची देशी चाल.'

"काका, 'कच्चे' तरी गेलं. घेऊन टाका," अथर्व म्हणाला.

"तुझ्या बापाला म्हटलं असतं तर घेतलं असतंस?"

जगन्नाथने लिहिलं, 'ही चाल तुमच्याच लष्कराने शिकवली. प्रशिक्षित स्ट्रेचरवाहक म्हणा, नाहीतर फोटो परत करा.'

त्यांनी फोटो परत केला. पुस्तक त्याच्याशिवाय निघालं. हट्टापायी बापाला इतिहासातून घालवलं, असं आपल्याच इथल्या मराठी मंडळातले चार शहाणे म्हणाले. त्यांच्यासाठी तो फोटो आपल्या मंडळाच्या या अंकात समोरच्या पानावर छापलाय. खालची ओळ जगन्नाथची: 'महादेव आणि तीन सहकारी, प्रशिक्षित स्ट्रेचरवाहक. चाल बरोबर आहे.'

अंकाची संपादक मी आहे. बदलून दाखवा.