आय ॲम कमिंग, टीचर

माझ्या आत्याने पदवी घेतली नाही, कारण ती दुसऱ्या वर्षाला असताना आजोबा अंथरुणाला खिळले आणि घरात कुणीतरी थांबायला हवं होतं. बाबा आणि काका शिकले. पदव्या भावांच्या वाट्याला आल्या, आत्याच्या वाट्याला बेडपॅन. हे मी घरात एकदा बोलून दाखवलं तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण खोटं आहे असंही म्हणाले नाहीत.

आजोबा गेले, तोवर तिचं लग्नाचं वय सगळ्यांनी मिळून विसरून टाकलं होतं. कुणाच्या तरी ओळखीने परदेशातल्या एका लहान मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम आलं. तिथल्या हेडबाईंना इंग्रजी बोलणारं माणूस हवं होतं, कागद कुणी मागितला नाही. बाबा म्हणाले, महिन्याभरात रडत परत येशील. आत्या गेली ती केस पिकेपर्यंत तिथेच राहिली.

शाळा म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. मुलांनी रस्त्याकडे बघत बसू नये म्हणून खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या. दाराशी दप्तरांच्या खुंट्या होत्या आणि ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खुंटीवर एक चित्र होतं. फोनवर आत्या मुलांबद्दल त्या चित्रांनीच बोलायची. आज किल्लीला ताप होता, बदक फार आगाऊ झालंय, छत्री अजून सगळ्यांच्या मागे लपते. स्वतःचं मूल नसलेल्या बाईने इतकी मुलं कशी सांभाळली, असं आमच्याकडे लोक विचारतात. मला त्यांना दोन शब्द सुनावावेसे वाटतात.

पहिल्याच आठवड्यात शाळा सुटताना एक मूल दप्तर घेऊन म्हणालं, "आय ॲम गोइंग, टीचर." आत्याच्या काळजात चर्र झालं. जाते असं कुणी म्हणतं का? तिने त्याला थांबवलं आणि शिकवलं, "आय ॲम कमिंग." मग हीच रीत पडली. रोज रांगेतलं प्रत्येक पोर दाराशी म्हणायचं, "आय ॲम कमिंग, टीचर," आणि ती म्हणायची, "कम, कम." आयाबापांना तेच खरं इंग्रजी वाटलं. पुढे पुढे खालचा टायरवालाही दुकान बंद करताना वर बघून तसंच म्हणू लागला.

मग नियम बदलला. पदवी नसलेल्या शिक्षकांचा वर्ग शिक्षणखात्याचा साहेब येऊन बघणार आणि तो हो म्हणेल तरच शिकवायची परवानगी. आत्याने त्या दिवसासाठी जिवाचं रान केलं. आलेला साहेब तरुण होता, सभ्य होता. वर्गही छान झाला, साहेबाने मुलांबरोबर टाळ्यासुद्धा वाजवल्या. हेडबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शाळा सुटली. रांगेतली पहिली होती छत्री. "आय ॲम कमिंग, टीचर," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. मागून किल्ली, मग बदक. साहेबाने विचारलं, पोरं निघालीत आणि येतोय कसलं म्हणतात? हेडबाई म्हणाल्या, तो आपला मुलांचा खेळ आहे. आत्याने तिथे मान डोलावली असती तर सगळं निभावलं असतं. पण ती म्हणाली, मी शिकवलंय. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, असं तिने त्याला नीट समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि हळूच म्हणाला, "हे सुंदर आहे. पण हे इंग्रजी नाही."

परवानगी मिळाली नाही. मला त्या माणसाचा राग येत नाही, म्हणून जास्तच त्रास होतो.

शेवटच्या दिवशी आत्या खुंट्यांपाशी उभी राहिली आणि एकेका मुलाकडून तिने वाक्य सुधारून घेतलं. आय ॲम गोइंग. पोरांना गंमत वाटली. छत्रीने बरोबर म्हटलं, चार पायऱ्या उतरली, परत वर आली आणि विचारलं, टीचर, तुम्हीपण असंच म्हणणार का? आत्याने तिच्यासमोर ते म्हणून दाखवलं. हेडबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्या रंगवलेल्या काचेतून काही दिसत नव्हतं. हे सगळं आत्याने मला ताटं पुसता पुसता सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

आता ती माझ्या खोलीत राहते. बाहेरून पदवी कर, असं बाबांनी एकदा सुचवलं. ती नको म्हणाली, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालेलं मी पाहिलं. भाजी, दळण, औषधं, बाहेरचं सगळं तीच आणते. चपला घालते आणि दारातून म्हणते, "जाते."

आईला अजून सवय झालेली नाही. ती दर वेळी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातून बाहेर येते.

"अगं, येते म्हणावं."

"चूक आहे ते, वहिनी," आत्या म्हणते, लहान मुलांशी बोलावं इतक्या मऊ आवाजात, आणि दार ओढून घेते.